मदत हवी आहे: विहिरीतलं मॉस अ‍ॅक्वेरियमच्या टाकीत जगेल का?

गावच्या विहिरीतल्या चिऱ्यावरून चिमूटभर मॉस आणलंय. पावसाळ्यात ते पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात उघडं. शेवाळ नव्हे, बारीक पानं स्पष्ट दिसतात. भिंगातून पाहिलं तर पानं दोनच ओळींत, पिसासारखी चपटी. म्हणून फिसिडेन्सची (अशाच पिसासारख्या पानांच्या मॉसची) शंका येतेय. जावा मॉस (टाकीत सर्रास लावतात ते) तर नक्कीच नाही, ते माझ्याकडे आहे.

धुऊन, दोऱ्याने दगडाला बांधून 3 आठवडे वेगळ्या बरणीत ठेवलंय. पाणी 27 अंश, उजेड रोज 6 तास, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वेगळा देत नाही. जुनी पानं तपकिरी पडली, पण टोकांना हिरवे कोंब आलेत. मुख्य टाकीत कोळंबी आहे, त्यामुळे औषधं नकोत.

फिसिडेन्सच आहे हे पानाच्या कुठल्या खुणेवरून पक्कं करू? आणि तपकिरी भाग आताच कापू, की कोंब वाढेपर्यंत थांबू?