वाचनगटात युरी मांगा: 'पण या दोघी नक्की कोण?' इथेच गाडी अडते

पाषाणपाखरू

कोथरूडमधला दहा-बारा जणांचा वाचनगट, सगळे अठराच्या पुढचे. महिन्यातून एका रविवारी दोन तास भेटतो. पुढचे चार महिने युरी मांगा, म्हणजे बायकांच्या एकमेकींमधल्या जवळिकीच्या जपानी चित्रकथा, घ्यायचं ठरलंय. 'ब्लूम इंटू यू'चा पहिला खंड नुसता चाळून व्हॉट्सअ‍ॅपवर आत्ताच तीन तट पडलेत. एक म्हणतो, शाळेतली मैत्री आहे, तुम्ही उगाच काहीतरी शोधताय. दुसरा म्हणतो, प्रेमकथा आहे, लेबल कशाला? तिसरा म्हणतो, लेबल नको म्हणणं हीच पळवाट आहे.

कुठली पुस्तकं कुठल्या क्रमाने घ्यावीत? वाद माणसांवर न जाता पानांवर कसा ठेवायचा? आणि इंग्रजी भाषांतर वाचून मराठीत बोलायला लागलं की शब्दांची पंचाईत होते, त्यावर काही उपाय? निम्म्या लोकांना मांगाच नवा आहे.

---

उजवीकडून_डावीकडे

'ब्लूम'पासून सुरू करू नका. पुस्तक चांगलंच आहे, पण या विषयातलं सगळ्यात निसरडं. ज्या गटाकडे अजून बोलायला शब्द नाहीत, तो पहिल्याच दिवशी तिथे घसरणार. तुमचे तीन तट हा त्याचाच पुरावा.

पहिला महिना: 'शी लव्ह्ज टू कुक, अँड शी लव्ह्ज टू ईट', खंड १ ते ३. भराभर वाचून होतं. नोमोतोला भरपूर स्वयंपाक करायचा असतो आणि खाणारी ती एकटी. त्याच इमारतीतली कासुगा भरपूर खाते. पहिल्या खंडात प्रेमाचा उच्चार जवळजवळ नाही. आहे ते असं: ऑफिसातले लोक नोमोतोच्या डब्यावरून ती चांगली बायको होईल म्हणतात, आणि खाणावळीत कासुगाला बाई म्हणून भात कमी वाढतात. हे समजायला पुण्यात कुणाला तळटीप लागणार नाही. पुढे नोमोतो स्वतःबद्दल शोधत शोधत 'लेस्बियन' या शब्दापाशी येते. याको नावाचं पात्र तर स्वतःला असेक्शुअल (शरीरसंबंधाची ओढ नसलेली) लेस्बियन म्हणवतं. म्हणजे ओढ, शरीर आणि नाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे गटाला कथेतूनच कळतं, भाषण द्यावं लागत नाही. यावर एनएचके या जपानी वाहिनीने २०२२ मध्ये मालिका केली आणि २०२४ मध्ये तिचा दुसरा भाग आला.

दुसरा महिना: 'स्वीट ब्लू फ्लॉवर्स'. मूळ जपानीत आठ खंड, इंग्रजीत दोन-दोन एकत्र करून चार जाडजूड पुस्तकं. पहिलं जाड पुस्तक पुरे. स्थळ कामाकुरा, मुलींची शाळा, नाटक, सीनिअर मुलगी, म्हणजे जुन्या युरीचा सगळा साज. फरक एवढाच की यातली नायिका फुमि आपल्या लहानपणच्या मैत्रिणीला, आकिराला, स्वतःबद्दल उघड सांगते. एक सूचना आधीच द्या: फुमिचं पहिलं नातं तिच्या चुलत-मावस नात्यातल्या मोठ्या मुलीशी होतं. हे आधी सांगितलं नाही तर अर्धा तास 'पण बहीण ना ती?' यातच जातो.

तिसरा महिना: 'ब्लूम इंटू यू', निदान खंड १ आणि २. ज्यांना जमेल त्यांनी आठही वाचून यावं. त्यावरची अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) बघून येऊ देऊ नका. ती तेरा भागांची मालिका शाळेतलं नाटक होण्याआधीच संपते, आणि गोष्ट फिरते ती त्या नाटकापाशी.

चौथा महिना: 'माय लेस्बियन एक्स्पीरिअन्स विथ लोनलिनेस'. एकच खंड, आत्मकथन, आधी पिक्सिव्ह या चित्रांच्या संकेतस्थळावर आलं, २०१६ मध्ये जपानात पुस्तक झालं आणि इंग्रजी आवृत्तीला कॉमिक्ससाठीचं २०१८ चं हार्वी पारितोषिक मिळालं. नैराश्य, खाण्याचा आजार, स्वतःला इजा करून घेणं, पैसे देऊन घेतलेला शरीरसंबंध, हे सगळं त्यात आहे. महिनाभर आधी तसं लेखी कळवा आणि त्या दिवशी न येणाऱ्याला कारण विचारू नका. हे पहिल्या महिन्यात घेतलं तर लोक त्यालाच 'खरी' गोष्ट धरतात आणि बाकी सगळं त्यांना साखरपाक वाटायला लागतं.

वादाचं म्हणाल तर एक उपाय हमखास चालतो. फळ्यावर तीन रकाने आखा: तिला काय वाटतं, ती काय करते, ती स्वतःला काय म्हणते. खंड आणि पान क्रमांक सांगितल्याशिवाय कुठल्याही रकान्यात काही लिहायचं नाही. 'ब्लूम'मध्ये नायिका यूचा पहिला रकाना सुरुवातीला जवळजवळ कोरा राहतो, कारण प्रेमाच्या गाण्यांत असतं तसं काही आपल्याला होत नाही हीच तिची अडचण. मधला रकाना मात्र भरत जातो. तिच्याच शाळेतल्या सायाकाचे तिन्ही भरतात. आपल्याला मुली आवडतात हे तिला पक्कं माहीत आहे, आणि कॅफे चालवणाऱ्या मियाकोशी ती त्याबद्दल बोलते. मियाकोची जोडीदार शाळेतली शिक्षिका. म्हणजे 'या पुस्तकात ओळखीचा प्रश्नच नाही' हे विधान पान उघडताच पडतं. आणि 'सगळ्याच लेस्बियन आहेत' हेही यूच्या कोऱ्या रकान्यापाशी अडतं. दोन्ही तटांना सारखाच घाम फुटतो.

माकीला विसरू नका. 'ब्लूम'च्या दुसऱ्या खंडात शाळेतला हा मुलगा यू आणि तिची सीनिअर तोउको या दोघींचं गुपित बघतो आणि कुणालाच सांगत नाही. त्याला दुसऱ्यांचं प्रेम प्रेक्षकासारखं बघायला आवडतं, स्वतः त्यात पडायचं नाहीये आणि त्याचं दुःखही नाही. बऱ्याच वाचकांनी यूलाही सुरुवातीला माकीसारखं, प्रेमाची ओढ नसलेलं मानलं आणि शेवटाकडे ती प्रेमात पडल्यावर आपली फसवणूक झाली असं म्हटलं. उलट बाजूचे म्हणतात, माकीला शेवटपर्यंत तसंच ठेवलंय, म्हणजे लेखिकेला फरक ठाऊक आहे. हा वाद सुटत नाही. त्याला वीस मिनिटं द्या आणि पुढे जा.

---

अर्धविराम

शब्दांच्या प्रश्नावर. इथे मराठी वाचकाचा इंग्रजीपेक्षा फायदाच आहे.

जपानीत प्रेमाची कबुली बहुतेक 'सुकी' या शब्दाने दिली जाते. तोच शब्द खाण्याच्या पदार्थालाही चालतो. इंग्रजी भाषांतरकाराला लाइक की लव्ह हे ठरवावंच लागतं, आणि ठरवलं की मूळची धूसरता गेली. आपल्याकडे 'आवडणं' आहे. 'मला पुरणपोळी आवडते' आणि 'मला ती आवडते', क्रियापद तेच. 'ब्लूम'मधली अख्खी ओढाताण 'तू मला आवडतेस' या वाक्यात मावते. चर्चेत 'प्रेम' हा शब्द पहिला तासभर काढूच नका, 'आवडते' म्हणा आणि फरक बघा. तसंच 'कोइबितो'. जोडीदार, पण बाई की पुरुष ते त्या शब्दातून कळत नाही. त्याला मराठीत 'तुझं कोणी आहे का?' आहेच, फुकटात नपुंसकलिंगी.

अडतं ते नात्यांच्या शब्दांपाशी. मुलींच्या शाळेतल्या जुन्या कथांत धाकटी मोठीला 'ओनेएसामा' म्हणते. त्याचं 'ताई' केलंत की राखीपौर्णिमा डोळ्यांपुढे येते आणि प्रेमकथा जागीच आटोपते. तो शब्द तसाच ठेवा. 'सेनपाइ'ला सरळ 'सीनिअर' म्हणा. 'मैत्रीण' तर जपूनच. मराठीत पुरुष 'माझी मैत्रीण' म्हणाला की लोक भुवई उंचावतात, बाई म्हणाली की कुणाला काही वाटत नाही. तुमचा पहिला तट याच शब्दात राहतो.

'लेस्बियन' मराठीतही तसाच वापरा. मात्र 'रेझु' हे जपानी लघुरूप हिणवण्यासाठी वापरलं गेलंय, कुणी हौसेने उचललं तर थांबवा.

---

सदाशिवपेठी_शंकासुर

थोडा विरोध नोंदवतो. हे तीन रकाने म्हणजे पात्रांचं आधारकार्ड काढणं झालं. युरीची मुळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जपानी 'क्लास एस' कथांत आहेत. योशिया नोबुको या लेखिकेची 'हाना मोनोगातारी' ही कथामाला १९१६ पासून येऊ लागली. मुलींमधलं उत्कट नातं, शाळा संपली की तेही संपणार हे गृहीत. तिथे नाव नाही म्हणून भावना खोटी का? आणि हे मांगा वाचणारे सगळे काही लेस्बियन नाहीत. 'युरी हिमे' या मासिकाने २००७ मध्ये पुरुष वाचकांसाठी वेगळी आवृत्ती काढली होती, ती २०१० मध्ये मूळ अंकात मिसळली.

---

अर्धविराम

शंकासुर, भावना खोटी असं कुणी म्हटलंच नाहीये. पण 'शाळा संपली की संपणार' ही सोय कुणाची होती? घरच्यांची. मुलीचं लग्न लावून द्यायचं असायचं. 'स्वीट ब्लू फ्लॉवर्स'मध्ये चिझु, म्हणजे तीच नात्यातली मोठी मुलगी, लग्न करून निघून जाते आणि फुमि रडते, ते त्याच सोयीला दिलेलं उत्तर आहे. नाव नसणं काही वेळा मोकळीक असते, काही वेळा तोंडावर ठेवलेला हात. कुठलं ते पुस्तकागणिक ठरतं. रकाने त्यासाठीच.

शिवाय 'युरी' या शब्दाचा उगमही ओळखीतूनच आहे. १९७६ मध्ये 'बाराझोकु' या समलिंगी पुरुषांच्या मासिकाच्या संपादकाने स्त्री वाचकांना उद्देशून 'युरिझोकु', म्हणजे लिलीचं कुळ, असा शब्द वापरला. प्रेमकथांच्या प्रकाराला तो मागाहून चिकटला.

---

पाषाणपाखरू

रकाने वापरणार. दोन शंका. एक जण 'सिट्रस' घ्या म्हणून हटून बसलाय, सगळ्यात लोकप्रिय म्हणून. आणि एका ताईंचं म्हणणं, हे सगळं फार गोड आहे, आपल्याकडे तेंडुलकरांनी १९८१ मध्येच 'मित्राची गोष्ट' हे नाटक लिहून खरं काय ते दाखवलं.

---

उजवीकडून_डावीकडे

'सिट्रस' दहा खंडांचं आहे आणि पहिल्याच खंडात मेइ यूझूवर जबरदस्तीने चुंबन लादते. वर दोघी सावत्र बहिणी. घेतलंत तर चर्चा संमतीवर होईल, ओळखीवर नाही. विषय मोठा आहे, पण तो पाचवा महिना. लोकप्रियतेचं कारण विचारायचं असेल तर तेव्हा विचारा.

ताईंचा मुद्दा मात्र टाळू नका, तिसऱ्या महिन्यात मुद्दाम घ्या. त्या नाटकातली, मुलीवर प्रेम करणारी मित्रा शेवटी आत्महत्या करते. 'ब्लूम'च्या शेवटी दोघी कॉलेजात आहेत आणि बोटांत अंगठ्या आहेत. त्या अंगठ्यांना जपानात देशपातळीवर कायद्याचा आधार नाही. टोकियोची जोडीदारी-नोंदणी नोव्हेंबर २०२२ पासूनची, आणि तीही विवाह नव्हे. आपल्याकडे कलम ३७७ मधला संमतीच्या समलिंगी संबंधांचा गुन्हा ६ सप्टेंबर २०१८ ला गेला, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मिळाला नाही. त्यामुळे 'गोड म्हणजे खोटं' हे समीकरण ताईंनी पुन्हा तपासावं. मरण हाच शेवट खरा मानायची सवय आपल्याला कुणी लावली, एवढं विचारा आणि गप्प बसा. बाकीचं गट बोलेल.

---

मुठेकाठची

मजकुरावर पुरेसं झालं, व्यवस्थेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय.

सगळ्यांनी एकच अधिकृत आवृत्ती घ्या, छापील किंवा ई-बुक. नेटवरच्या चोरीच्या प्रतींत भाषांतरही वेगळं आणि पान क्रमांकही वेगळे, मग रकान्यांचा बट्ट्याबोळ. अप्पा बळवंत चौकात शोधत हिंडण्यापेक्षा महिनाभर आधी एकत्र मागणी नोंदवा.

नवख्यांसाठी पहिली पंधरा मिनिटं एकच पान पडद्यावर लावून वाचा: उजवी वरची चौकट आधी, मग डावीकडे, मग खाली. फुगेही त्याच क्रमाने. उलट वाचलं की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो, आणि कबुली कुणी दिली यावरच भांडण होतं.

ओळखपरेड नको. 'तुम्ही या विषयाकडे कसे वळलात?' हा प्रश्न साधा वाटतो, पण तो कुणाला तरी सगळ्यांसमोर उघडं पाडतो किंवा खोटं बोलायला लावतो. नाव आणि आवडतं पात्र, बास. व्हॉट्सअ‍ॅप गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, गटाचं नाव घरच्यांना फोनवर दिसतं. तेव्हा गटाचं नाव नुसतं 'रविवार वाचन' ठेवा, आणि ज्याला गटात यायचं नाही त्याला वेगळा निरोप पाठवा. फोटो नाहीत. फर्ग्युसन रस्त्यावरचा कॅफेही नको. शेजारच्या टेबलावर कुणाची तरी मावशी निघतेच.

---

पाषाणपाखरू

गटाचं नाव बदललं. पहिली बैठक सकाळी साडेदहाला, कुणाच्या तरी घरी. स्वयंपाकाचं पुस्तक म्हटल्यावर पोह्यांची मागणी आली आहे, बारा जणांना दीड किलो पुरतील ना?

---

मुठेकाठची

एक किलो. कासुगा येणार असेल तर दीड.