गडगा सरकवला, फादरजवळ कबूल केलं. आता शेजाऱ्याच्या पडवीत जायचं की नाही?

चिरेबंदी (धागाकर्ता)
उदाहरण कल्पित आहे, पण कोकणात नवं नाही. वेंगुर्ल्याकडच्या एका वाडीत गडगा (हद्दीवरचं दगडी कुंपण) नव्यानं रचताना तो चार फूट पलीकडे गेला. लांबी साठ फूट, म्हणजे 240 चौरस फूट. गुंठ्याच्या (1089) पाव हिश्शालाही थोडं कमीच. त्या पट्ट्यात शेजाऱ्याचं हापूसचं एक कलम आलं आणि आठ वर्षं त्याचे आंबे इकडच्या पेट्यांत गेले. दोन्ही घरं एकाच चर्चची. आता ईस्टरच्या तोंडावर पापनिवेदन झालं, पापक्षमा मिळाली. विषय संपला का?

माझ्या मते नाही. बायबलातलं मत्तय 5:23-24 वाचा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. तक्रार भावाची असली तरी चालत जायचं ते अर्पणवाल्यानं. आणि जकातदार जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं (लूक 19:8). बायबलचा दर तोच, आंब्यांचा हिशेबही चौपटच हवा.

रोझरीवाली
पडवीत जाऊन बोलण्याची सक्ती चर्च कुठे करतं? पापनिवेदनाचे टप्पे ठरलेले आहेत: विवेक तपासणं, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, कबुली, दिलेलं प्रायश्चित्त. गंभीर पाप असेल तर कोणतं आणि किती वेळा हेही सांगावं लागतं. 'आंबे खाल्ले' चालत नाही, 'आठ वर्षं' म्हणावं लागतं. फादर त्यातला शब्द बाहेर काढू शकत नाहीत, शेजाऱ्याला सुचवूही शकत नाहीत.

ही गुप्तता अनुभवातून आली. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापांना उघड प्रायश्चित्त असे, म्हणून लोक ते मरायला टेकेपर्यंत पुढे ढकलू लागले. मग आयरिश मठवाश्यांनी खासगी कबुलीची रीत पसरवली आणि 1215 च्या लॅटरन परिषदेनं वर्षातून एकदा कबुली बंधनकारक केली. वाडीत एकदा 'गडगेचोर' नाव पडलं की नातवंडांच्या लग्नापर्यंत निघतं.

खाडीकाठ
गुप्तता कबुलीची, गडग्याची नव्हे. गडगा साऱ्या वाडीला दिसतोय. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 1459 व्या परिच्छेदाचा आशय बघा: पापक्षमेनं पाप जातं, पण पापानं केलेली नासधूस आपोआप दुरुस्त होत नाही, चोरलेलं परत करा, बदनामी केली असेल तर ती भरून काढा. नुसते पैसे असते तर पाकिटात घालून फादरांच्या हातून निनावी पोचवता आले असते. चार फूट जमीन कुठल्या पाकिटात घालणार?

दवंडी पिटा असं कोणी म्हणत नाही. चूक जेवढ्यांसमोर झाली, तेवढ्यांसमोर कबुली. टपरीवर बसून 'शेजारीच लबाड' म्हटलं असेल, तर टपरीवरही जाऊन ते मोडावं लागेल. नसेल, तर पडवी पुरे.

जुनी वही
चिरेबंदी, 'बायबलचा दर चौपट' हे चूक आहे. निर्गम 22:1 प्रमाणे चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं, बैल असेल तर पाच. 22:4 प्रमाणे जनावर जिवंत हाती सापडलं तर दुप्पट. हे झाले पकडलेल्या चोराचे दर. स्वतःहून कबूल करणाऱ्याचा दर गणना 5:6-7 मध्ये आहे: पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा. जक्कय कबुली देत होता, तरी त्यानं चोराचा दर स्वतःला लावला. दुसऱ्याच्या गळ्यात तो कशाला घालता?

हिशेब करा. हापूस बहुधा वर्षाआड धरतो, म्हणून आठ वर्षं म्हणजे चार चांगले हंगाम. हंगामाला पाच पेट्या, आणि फवारणी, राखण, वाहतूक वजा जाता पेटीमागे हजार सुटले असं धरू. 20,000 रुपये. पाचवा हिस्सा 4,000, एकूण 24,000. चौपटीनं 80,000 होतात, आणि तो आकडा ऐकून माणूस पायरीच चढणार नाही.

जाता जाता: योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) दारफाळणीचा सण म्हणत. त्याबद्दल मिश्नामधला (ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथातला) नियमही असाच आहे. माणसामाणसातल्या अपराधाला तो दिवस पुरत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते.

सातबारा
पडवीत जाल, पण माफी कोणाची मागाल? शेजाऱ्याचा सातबारा आधी काढा. त्यावर मुंबईतले दोन भाऊ आणि सासरी गेलेल्या बहिणी सहहिस्सेदार असतील, तर गावातल्या भावानं 'जाऊ दे रे' म्हटल्यानं फक्त त्याच्या वाट्याचं सुटतं. बाकीच्यांचं ऋण तो कसा सोडणार?

दुसरं, गडगा रातोरात मागे सरकवू नका. नवी ओळही अंदाजानंच पडते आणि मग उलटं भांडण. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, खुणा पडतात, मग चिरे हलवा.

तिसरं, 'बारा वर्षं गप्प बसा, जमीन आपलीच' असा सल्ला देणारे भेटतील. शेजाऱ्याचा हक्क नाकारून उघडपणे ताबा ठेवला, तर बारा वर्षांनी त्याचा दावा मुदतबाह्य होतो हे खरं. इथं आठ झालीत. पण मुदत दाव्याला असते, पापाला नाही.

माडाखाली
शब्दांवर कोणीच बोललं नाही. आपल्या भाषेत पळवाटा फार. 'चुकलं असेल तर माफ करा' यात 'असेल' कशाला? 'गैरसमज झाला', पण कोणाचा? 'गड्यांनी दोरी तिरकी धरली' म्हणजे गडी पापी. नुसत्या 'चुकलं' मध्ये तर कर्ताच गायब. उधळ्या पुत्राचं वाक्य बघा (लूक 15:21): मी पाप केलं, कोणाविरुद्ध तेही सांगितलं, सबब एकही नाही.

पडवीत चार वाक्यं पुरेत: काय केलं, केव्हापासून, तुमचं किती गेलं, काय कधीपर्यंत परत करणार. 'पण तुमच्याही गुरांनी...' असं पाचवं तोंडात आलं तर गिळावं. नाताळच्या दिवशी, पाहुण्यांदेखत मागू नये. समोरच्याला 'नाही' म्हणायची जागा उरत नाही.

दर्याकाठची
आणि त्यानं 'नाही'च म्हटलं तर? लगेच 'साताच्या सत्तर वेळा' (मत्तय 18:22) त्याच्या अंगावर फेकणारे उभे राहतील. लूक 17:3 मध्ये क्रम आहे: दोष दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आठ वर्षं लुबाडल्यावर पाच मिनिटांत क्षमा मागणं ही दुसरी वसुली.

रोझरीवाली
क्रुसावर येशूनं क्षमा मागितली (लूक 23:34), तेव्हा खिळे ठोकणाऱ्यांनी कुठे पश्चात्ताप केला होता? मनातली क्षमा कबुलीची वाट बघत नाही.

दर्याकाठची
मनातली म्हणाल तर मान्य. पण मनातलं सोडणं वेगळं आणि जमीन सोडणं वेगळं. 1981 मध्ये आपल्यावर गोळी झाडणाऱ्या आग्जाला पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्षमा केली, 1983 मध्ये तुरुंगात जाऊन भेटले. तो इटलीच्या तुरुंगातून 2000 मध्ये बाहेर आला, तोही तुर्कस्तानच्या तुरुंगात जायला. ओडिशातले मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी पती आणि दोन मुलांच्या मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला चालला आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. शेजाऱ्यानं क्षमा केली तरी मोजणी होऊ दे, आणि 24,000 मधला एक रुपयाही सोडायची अपेक्षा नको.

चिरेबंदी
जक्कयाबद्दल मी चुकलो. चौपट हा नियम आहे असं मी लिहिलं, तो नियम नाही. आता 'मूळ अधिक पाचवा हिस्सा' असं धरतो. सहहिस्सेदारांचा तर विचारच केला नव्हता. पडवीबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. मोजणीची फी कोणी भरायची?

सातबारा
गडगा ज्यानं सरकवला त्यानं. ती त्या 24,000 मध्ये धरायची नाही, वेगळी.

रोझरीवाली
पडवीबद्दल मी अजून साशंक आहे, पण फीचं पटलं. मग यंदाचे आंबे? ते अजून झाडावर आहेत.

सातबारा
ते शेजाऱ्याचे. झेला (आंबे उतरवायची जाळी) त्याचा, पेट्याही त्याच्याच.