मिठी मारली म्हणून गुण कापायचा का? टेलर–कॅटरॉल आणि तो दहावा राउंड

डावखुरा
काल जोश टेलर विरुद्ध जॅक कॅटरॉल ही ग्लासगोची बॉक्सिंगची लढत पुन्हा अथपासून इतिपर्यंत पाहिली. २६ फेब्रुवारी २०२२ची. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट होती आणि निकाल ऐकून मी सुन्न बसलो होतो. राग अजून गेलेला नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेलरकडे १४० पौंड वजनगटाचे चारही जगज्जेतेपदाचे पट्टे होते, शिवाय स्कॉटलंड त्याचं, पब्लिक त्याचं. कॅटरॉल आव्हानवीर. टेलरची रामिरेझ या दुसऱ्या बॉक्सरशी लढत व्हावी म्हणून तो आधी बाजूला झाला होता आणि आपली पाळी यायची वाट बघत थांबला होता. दोघंही डावखुरे. आठव्या राउंडमध्ये कॅटरॉलने टेलरला खाली पाडलं. दहाव्यात धरल्याबद्दल कॅटरॉलचा एक गुण गेला, अकराव्यात घंटेनंतर मारल्याबद्दल टेलरचा. (राउंड जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ, खाली पडला तर आणखी एक कमी; असे बारा राउंड.) निकाल: दोन जज टेलरच्या बाजूने, ११४-१११ आणि ११३-११२. तिसरा कॅटरॉलच्या बाजूने, ११३-११२. पट्टे टेलरकडेच राहिले.

टेलर डोकं पुढे काढून आत घुसायचा, कॅटरॉल सरळ डावा ठोसा ठेवून द्यायचा आणि लगेच मिठी. हे रात्रभर चाललं, मान्य. पण टेलरचा हातसुद्धा कॅटरॉलच्या मानेमागे असायचाच की! मग शिक्षा एकालाच का?

आता मॉस्को, ऑक्टोबर २०१३ आठवा. व्लादिमीर क्लिच्को प्रतिस्पर्धी पोवेत्किनच्या मानेवर अख्खं अंग टाकून त्याला दाबत होता. त्याचा गुण कधी कापला? थेट अकराव्यात, पोवेत्किन चारदा खाली पडून सगळं संपल्यावर. तिन्ही जजांची कार्डं ११९-१०४, क्लिच्को. तिथे त्या गुणाला काही किंमतच नव्हती. ग्लासगोत मात्र एकेक गुण सोन्याचा होता.

रिंगसाइड
डावखुरा, राग समजतो, पण तुम्ही चुकीच्या माणसावर काढताय. कागद घ्या. कॅटरॉलला तो गुण परत द्या. ११३-११२ टेलर याचं होतं ११३-११३. ११४-१११ चं होतं ११४-११२, म्हणजे तो जज टेलरकडेच. तिसरा कॅटरॉलकडे ११४-११२. एक इकडे, एक तिकडे, एक बरोबरी: लढत अनिर्णित. आणि अनिर्णित लढतीत पट्टा आधीच्या जगज्जेत्याकडेच राहतो. रेफरीने गुण कापला नसता तरी कॅटरॉल रिकाम्या हातानेच घरी गेला असता.

धरण्याबद्दल माझं मत कडक आहे. दोन ठोसे मारायचे, मिठी मारायची आणि रेफरी सोडवेपर्यंत दम खायचा, हे बारा राउंड चालू दिलं तर आत शिरून लढणाऱ्याने करायचं काय? त्याचं सगळं शस्त्र जवळच्या अंतराचं. क्लिच्कोला उशिरा शिक्षा झाली ही मॉस्कोतली चूक. त्यासाठी ग्लासगोत डोळेझाक का करायची?

मातीतला
मी आधी तालमीत होतो, नंतर तीन वर्षं बॉक्सिंग केलं. क्लिंच, म्हणजे ही मिठी, म्हणजे पळ काढणं, असं इथे वाटतंय बहुतेक. मला पहिला जोरदार ठोसा बसला तेव्हा गुडघे कापसाचे झाले होते. कोपऱ्यातून वस्ताद ओरडले, "धर त्याला!" समोरच्याच्या हातांवरून आपले हात घालायचे, त्याची कोपरं आपल्या बगलेत आवळायची, डोकं त्याच्या खांद्याला टेकवायचं आणि अंगाचं वजन सोडून द्यायचं. आठ-दहा सेकंद मिळतात. त्या सेकंदांत डोळ्यांपुढचा अंधार जातो. ती विद्या नसती तर माझ्या डोक्याला आणखी किती मार बसला असता कोण जाणे. जानेवारी १९७४ मध्ये अलीने फ्रेझरला दुसऱ्या लढतीत मान धरधरून थोपवलं, त्याला आपण अक्कलहुशारी म्हणतो. मग कॅटरॉल गुन्हेगार कसा?

कुस्तीत यावर तोडगा आहे. फ्रीस्टाइलमध्ये जो लढत नाही त्याला आधी इशारा, मग तीस सेकंद. तेवढ्यात कुणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण. पैलवानाला ठाऊक असतं आपण कुठल्या पायरीवर आहोत. बॉक्सिंगमध्ये सगळं रेफरीच्या मर्जीवर.

निळा कोपरा
मातीतला यांना पूर्ण अनुमोदन. फक्त एक: चक्कर आल्यावर धरणं वेगळं आणि शुद्धीत, डाव म्हणून धरणं वेगळं. कॅटरॉल दुसऱ्या प्रकारात होता.

डावखुरा
रिंगसाइड, तुमचं गणित बरोबर आहे. मी ते कधी मांडूनच पाहिलं नव्हतं. पण मग तेच पुढे न्या. बरोबरीचा राउंड कुणी दिला नाही असं धरलं, तर ११४-१११ याचा अर्थ टेलरला आठ राउंड आणि कॅटरॉलला चार. आठ! त्या चारांतला एक तर टेलर खाली पडला तोच. उरले तीन. बाकी अकरा राउंडमध्ये कॅटरॉलने फक्त तीन जिंकले, असं ती लढत बघून कुणी म्हणेल? त्या जजला ब्रिटिश बॉक्सिंग मंडळाने नंतर खालच्या श्रेणीत टाकलं. निकाल मात्र तसाच राहिला.

मे २०२४ मध्ये लीड्सला कॅटरॉलने टेलरला एकमताने हरवलं. तोवर टेलरकडे एकही पट्टा उरला नव्हता. ज्या रात्री चार पट्टे पणाला होते ती रात्र कॅटरॉलला कुणी परत देणार नाही, याचंच वाईट वाटतं.

रिंगसाइड
तुमच्या प्रतिसादानंतर आज दुपारी आवाज बंद करून बसलो. समालोचन नाही, पब्लिकचा आरडाओरडा नाही, हातात फक्त वही. पहिल्या चार राउंडमध्येच लक्षात आलं की आवाजाने मला किती फसवलं होतं. टेलरचा ठोसा हातमोज्यावर बसला तरी ग्लासगो उसळायचं आणि मी मनात त्याला गुण देऊन मोकळा व्हायचो. जज तर त्या गर्दीच्या ऐन मधे बसलेले.

माझं कार्ड ११४-१११, कॅटरॉल. सात राउंड त्याचे, पाच टेलरचे. याआधी मी टेलरला दिली होती ही लढत.

दहाव्यातला गुण मात्र मीही कापला असता. आणि मातीतला म्हणतात तशी पायरी असती, तर कदाचित टेलरचाही एक कापला असता, सहाव्या-सातव्याच्या आसपास.

मातीतला
सहाव्या की सातव्या? नेमका कुठे ते सांगा, मी तो राउंड रात्री बघतो.