ज्युनियर बाइक रेसिंग: मोठ्या सर्किटवर उतरायला किमान वय किती असावं?

घाटमाथा (धागाकर्ता)

चेन्नई-कोइम्बतूरकडे रेसिंगचा सीझन सुरू झाला की आमच्या बायकर ग्रुपवर दरवर्षी एकच भांडण पेटतं. तिथे तिसऱ्या मेसेजला आयमाय निघते, म्हणून विषय इथे आणलाय.

माझं मत आधीच सांगतो. ज्युनियर रेसिंग बंद करा असं मी म्हणत नाही. पण 16 वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सर्किटवर घोळक्यात सोडणं थांबलं पाहिजे. तोवर गो-कार्टच्या ट्रॅकवर मिनीजीपी (मुलांच्या छोट्या बाइकच्या शर्यती) खेळा, हवी तेवढी.

5 ऑगस्ट 2023 ला मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेतल्या रूकी, म्हणजे नवोदितांच्या शर्यतीत बेंगळुरूचा श्रेयस हरीश गेला. वय 13. नवखा म्हणावा तर तसंही नाही, स्पेनला जाऊन मिनीजीपीच्या शर्यती करून आलेला मुलगा. पहिल्या वळणातून बाहेर पडताना पडला. शर्यत थांबवली, अँब्युलन्स हजर होती, तरी वाचला नाही. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या सगळ्या शर्यती रद्द झाल्या, आणि नंतर सीझन पुन्हा सुरू झाला.

युरोपात 2021 च्या एकाच वर्षात मुजेल्लोला जेसन ड्युपास्किए (19), आरागॉनला ह्युगो मिलान (14), हेरेझला डीन बेर्ता विन्यालेस (15) शर्यतीत गेले. त्यानंतर एफआयएमने (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल संघटनेने) वर्ल्ड चॅम्पियनशिपचं किमान वय 2023 पासून 18 केलं आणि खालच्या मालिकांचीही वयं वाढवली. ज्यांनी हा खेळ उभा केला ते दोन पावलं मागे आले. आपण कशाच्या जोरावर पुढे जातोय?

आणि आपल्याकडे दहीहंडीला 14 वर्षांखालचा गोविंदा चालत नाही. 2017 मध्ये राज्य सरकारनेच हायकोर्टात तसं सांगितलं होतं. थरावर चढायला नको आणि 200 सीसीवर बसवायला हवा, हे गणित मला समजत नाही.

नानाचं गॅरेज

घाटमाथा, गेलेल्या लेकरांबद्दल वाईट कुणाला वाटत नाही? पण भावनेवर नियम करू नका.

माझ्या गॅरेजसमोर शाळा आहे. नववीची पोरं बापाची पल्सर घेऊन येतात, ट्रिपल सीट, डोक्यावर काही नाही. कायद्याने पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पकडतंय कोण? हीच पोरं ट्रॅकवर गेली तर लेदर सूट, ग्लोव्हज, समोरून ट्रक नाही, कुत्रं आडवं येत नाही, कोपऱ्यावर मार्शल (झेंडे दाखवणारे, मदतीला धावणारे), गेटवर अँब्युलन्स.

दुसरं, हा खेळ लवकरच शिकावा लागतो. स्पेनचा मार्क मार्केझ 2008 मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपला उतरला तेव्हा 15 चा होता. तिथलाच पेड्रो अकोस्टा 17 व्या वर्षी मोटो3 चा, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सगळ्यात लहान वर्गाचा चॅम्पियन. आपल्या पुण्याचा सार्थक चव्हाण शाळेच्या वयात होंडाच्या टॅलेंट कपमध्ये एनएसएफ250 ही रेसबाइक चालवत होता. गो-कार्ट ट्रॅकवर पन्नाससाठच्या वेगात वळायला शिकलेलं पोर सरळ रस्त्याच्या शेवटी दीडशेवरून ब्रेक कधी मारायचा हे कुठे शिकणार? सोळाव्या वर्षी मोठा ट्रॅक पहिल्यांदा बघणारा पोरगा जास्त धोक्याचा. अंगात ताकद, डोक्यात मस्ती आणि अनुभव शून्य.

वरदाची आई

नाना, रस्त्यावर मरतील त्यापेक्षा ट्रॅकवर नेलेलं बरं, हा युक्तिवाद मला पटत नाही. माझी मुलगी 12 वर्षांची आहे, मिनी बाइक चालवते, पण रस्त्यावर तिने कधी गाडी नेलेली नाही आणि नेणारही नाही. ट्रॅकवर येणारी बहुतेक मुलं अशीच असतात, बापाने हात धरून आणलेली. तुमच्या गॅरेजसमोरची ट्रिपल सीटवाली पोरं कोइम्बतूरचं तिकीट काढून एंट्री फॉर्म भरायला जात नाहीत.

मला त्रास होतो तो त्या फॉर्मचा. जे काही होईल त्याची जबाबदारी आयोजकांवर नाही, असं लिहिलेला कागद असतो आणि खाली सही माझी. मुलीला बाइक आवडते हे खरंच. पण 12 वर्षांच्या मुलीला "तुला धोका मान्य आहे का" असं विचारण्यात काय अर्थ आहे? ती हो म्हणणारच, कारण बाबांनी सुट्टी काढलेली असते.

खवचट काका

सगळे वय, सुरक्षा, स्वप्नं वगैरे बोलताय. ज्युनियर सीझन म्हणजे बाइक कंपन्यांचं स्वस्तातलं जाहिरातखातं. पोडियमवर टोपी घातलेलं गोंडस पोर, मागे लोगो. चालू द्या.

नानाचं गॅरेज

काका, तो लोगो आहे म्हणून रिक्षावाल्याचा पोरगाही रेस करू शकतो. टीव्हीएसची वन-मेक (सगळ्यांना एकाच कंपनीची सारखी बाइक) स्पर्धा 1994 पासून चालू आहे. बाइक कंपनीची, मेकॅनिक कंपनीचा. पोराने सूट, हेल्मेट आणि रेल्वेचं तिकीट बघायचं. लोगो काढा, मग हा खेळ फक्त बंगलेवाल्यांच्या पोरांचा.

पिवळा झेंडा

नोकरीमुळे बरीच वर्षं कोइम्बतूरला आहे, करी ट्रॅकवर हौसेने मार्शलचं काम करतो. तुम्ही सगळे वयाच्या आकड्यावर अडकलाय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

घाटमाथा यांनी 2021 चे तीन अपघात दिले, पण त्यातली मुख्य गोष्ट राहिली. तिघेही पडले आणि मागून येणाऱ्या बाइकने त्यांना धडक दिली. नुसतं पडणं या खेळात रोजचं आहे. पुढच्या चाकाची पकड सुटली की रायडर बाइकसोबत घसरत बाहेर जातो, उठतो, कपडे झटकतो. मागच्या चाकाची पकड सुटून एकदम परत आली तर बाइक रायडरला वर उडवते, तेव्हा हात किंवा गळ्याचं हाड मोडतं. जीव बहुतेक वेळा जातो तो ट्रॅकवरच पडून राहिल्यावर.

आता वन-मेकमध्ये काय होतं बघा. सगळ्यांची बाइक सारखी, ताकद कमी. एकटा कुणी पळून जाऊ शकत नाही. पुढच्याच्या मागे चिकटलं की हवेचा रेटा कमी लागतो, म्हणून जो तो चिकटतो. पहिल्या लॅपला अख्खा घोळका एकाच वळणावर, हँडलला हँडल. तिथे तीन नंबरचा पडला तर आठव्याला वळायला जागाच नसते, मग तो 13 चा असो की 30 चा. युरोपात वय वाढवलं तेव्हा ग्रिडवरची (एका शर्यतीत उतरणाऱ्या बाइकची) संख्याही कमी केली, ते कुणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर 15 खालच्या गटात एका शर्यतीत दहा-बारा बाइक बास. दोन हीट काढा, म्हणजे गट पाडून वेगवेगळ्या शर्यती. वेळ लागतो, आयोजकांना नको असतं.

दुसरी गोष्ट बाइकची. मिनीजीपीची ओहव्हाले बाइक छोटी, हलकी, मुलांसाठीच बनवलेली. तिच्यावरून उतरलेलं मूल आपल्याकडे थेट कशावर बसतं? रस्त्यावरच्या 200 सीसी बाइकवर, दीडशे किलोच्या आसपास. दिवे, आरसे काढले म्हणून ती खेळणं होत नाही. एनएसएफ250 खरी रेसबाइक, 84 किलोची, पण 48 हॉर्सपॉवर. तिला हात लावायला आधी काहीतरी यायला हवं. होंडाने तर 2024 ला टॅलेंट कप सीबी300एफवर नेला, म्हणजे परत रस्त्यावरची वजनदार बाइक. मधली पायरीच नाही. चाळीस किलोचं पोर ब्रेक मारतं तेव्हा त्या वजनाला धरून ठेवणारे त्याचे मनगट मी जवळून पाहिलेत, चौथ्या-पाचव्या लॅपनंतर थरथरतात.

तिसरी गोष्ट हेल्मेटची. (श्रेयसच्या अपघाताशी याचा संबंध जोडू नका, मी सर्वसाधारण सांगतोय.) तपासणीच्या टेबलावर सर्टिफिकेटचा शिक्का बघतात, पट्टा आवळायची डी-रिंग बघतात. पण शाळेचा युनिफॉर्म घेतात तसं एक नंबर मोठं हेल्मेट घेऊन आलेले पालक मी पाहिलेत. दोन सीझन चालेल म्हणे! आत जाड पॅड कोंबलेले.

घाटमाथा (धागाकर्ता)

पिवळा झेंडा, वजनाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. मधली पायरी नाही म्हणताय, मग ती येईपर्यंत पोरांना थांबवा ना. जिनाच नसेल तर वरच्या मजल्यावर उडी मारायला का सांगायचं?

पिवळा झेंडा

थांबवलं तर पायरी कोण बांधणार? मागणीच उरणार नाही. चेट्टीपालयमचा करी ट्रॅक लहान आहे, जेमतेम दोन किलोमीटरचा, सरळ पट्टा छोटा. 13-14 च्या मुलांचा सीझन तिथेच ठेवा, मद्रासचा साडेतीन किलोमीटरच्या वरचा ट्रॅक पुढे. हे उद्यापासून करता येतं, नवीन बाइक लागत नाही. पडताना फुगणारा एअरबॅग सूटही. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सगळ्यात वरच्या मोटोजीपीत तो 2018 पासून सक्तीचा आहे. आपल्याकडे महाग पडतो म्हणून पोरांना नाही. जाहिरातीच्या खर्चातून कंपनीने वीस सूट घेऊन भाड्याने द्यावेत, काकांचा लोगो छातीवर छापून.

खवचट काका

माझ्या लोगोची रॉयल्टी?

वरदाची आई

हेल्मेटचं वाचून पोटात गोळा आला. बरोबर बसलंय की नाही हे घरी कसं तपासायचं?

पिवळा झेंडा

पट्टा नीट आवळा. हनुवटीखाली एक बोट कसंबसं गेलं पाहिजे, दोन नाही. मग मागे उभं राहून हेल्मेटची मागची खालची कड धरा आणि पुढे-वर ढकला, जरा जोरात. डोक्यावरून निघालं किंवा कपाळावर घसरलं तर ते परत करा, कितीही महाग असो. मान डावी-उजवी करायला लावा. गाल हेल्मेटसोबत ओढला गेला पाहिजे. केस कापल्यावर पुन्हा एकदा बघा.

नानाचं गॅरेज

करी ट्रॅकचा मुद्दा मान्य. लहान गटात दहा-बारा बाइक, तेही मान्य. पण घाटमाथा, तुमचा 16 चा आकडा आला कुठून ते तुम्ही अजून सांगितलं नाही. दहीहंडीला 14 म्हणालात, मग रेसिंगला दोन वर्षं जास्त का?

घाटमाथा (धागाकर्ता)

कायदा 16 व्या वर्षी बिनगिअरची 50 सीसी देतो. आपण 13 व्या वर्षी गिअरची 200 देतोय. तिथून आला.

नानाचं गॅरेज

तो कायदा रस्त्याचा आहे. रस्त्यावर समोरून येणाऱ्याला शिस्त नाही म्हणून आहे. ट्रॅकला ट्रॅकचा नियम लावा. एफआयएमचा 18 ही तुम्हाला चालत नाही, दहीहंडीचा 14 ही चालत नाही, आणि आरटीओचा 16 मात्र चालतो!