सिद्दी पोराला 'तू कुठला?' विचारणारे आपण

खानापूरकर: परवा खानापूर स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी एक सिद्दी पोरगा उभा होता. शेजारच्या काकांनी मोठ्यानं विचारलं, "किधर का है, आफ्रिका?" पोरगा मराठीत म्हणाला, "इथलाच की काका, खानापूर तालुक्यातला." सगळे हसले. मीही हसलो. घरी बायकोला सांगायला लागलो, तर हसूच येईना.

पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून माणसं गोव्यात आणली. त्यांतली पळालेली माणसं घाटाच्या रानात वसली, त्यांचेच वंशज हे सिद्दी. कित्येक पिढ्या झाल्या त्याला. तरी उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं २००३ साली, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्यांना २०२० च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. १९५६ साली कर्नाटकात घातलं तेव्हापासून आपण सीमाभागातले मराठी ओरडून सांगतोय, आम्ही कोण ते आम्हाला ठरवू द्या. मग त्या पोराचं 'इथलाच' आपल्याला का पटत नाही?

येळ्ळूरचा: दादा, हसणं वाईटच. पण सीमाप्रश्नाची सांगड कातडीच्या रंगाशी घालू नका. आपलं भांडण भाषेचं आहे, शाळेचं, कागदाचं. माझ्या आईला कन्नडमधला अर्ज वाचता येत नाही, दर वेळी कुणाच्या तरी पाया पडावं लागतं. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. अशात आपणच आपल्यावर बोट ठेवलं की उद्या समोरचे म्हणतील, बघा, हेच भेदभाव करतात.

खानापूरकर: आईचं दुःख खरं आहे, मित्रा. पण समोरचे काय म्हणतील म्हणून घरातलं झाकायचं, हे मला जमणार नाही. अर्ज हातात धरून उभ्या राहिलेल्या आईला जो परकेपणा वाटतो, तोच त्या पोराला रोज तोंडावर ऐकावा लागतो. त्याला तर कोर्टही नाही.

हलशीची लेक: माझं माहेर हलशीचं. मी काळी जन्मले तेव्हा आत्या म्हणाली होती, "सिद्दी आली गं घरात." शाळेत असेपर्यंत हे ऐकलं आणि दर वेळी रडले. आता कळतं, मी रडायचे तेव्हा तो शब्द शिवी आहे हे मीही मान्यच करत होते. येळ्ळूरच्या भावा, यात कर्नाटक सरकार कुठं आलं? हे आपल्या माजघरातलं आहे.

आणि दादा, तुमचंही एक चुकलं. आमच्याशी एवढं बोललात, पण त्या पोराशी काही बोललात का?

खानापूरकर: नाही ताई. बस लागली होती, गेलो.

येळ्ळूरचा: ताई, तुमच्या आत्यासारखं आमच्याकडेही बोलतात, नाकारत नाही. घरात मी बोलेन. पण मोर्चात, भाषणात हा विषय आणायला माझा विरोध आहे, आणि तो राहील.

हलशीची लेक: मग घरात बोलल्यावर आई काय म्हणाली, ते इथं येऊन सांगा. मी वाट बघते.