क्रयशक्ती की खरेदीदारांची वट?

रेवा: कंपन्यांच्या विलीनीकरणावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. 'बायर पॉवर'ला मी 'क्रयशक्ती' लिहिलं, तर संपादकांनी लाल रेघ मारली. काय वापरू?

बोरूबहाद्दर: रेघ योग्यच. क्रयशक्ती म्हणजे खिशातल्या पैशात काय काय येतं ते. महागाईने घटते ती. इथे प्रश्न असा, की दोन विक्रेते एक झाले तरी भाव वाढवायला कचरतील इतका खरेदीदार तगडा आहे का? 'क्रेत्याची प्रतिशक्ती' म्हणा.

अडतदुकान: क्रेता! अहो, खरेदीखतातसुद्धा 'लिहून घेणार' असतं. मार्केट यार्डात आम्ही म्हणतो, 'त्याची वट आहे.' संपलं.

रेवा: वट म्हटलं की वशिला वाटतो हो. लेखातलं उदाहरण 1998 च्या एन्सो-स्टोराचं आहे. दूध-रसाच्या खोक्यांचा पुठ्ठा करणाऱ्या फिनिश आणि स्वीडिश कंपन्या. युरोपीय आयोगाने परवानगी दिली, कारण समोर टेट्रा पॅकसारखं गिऱ्हाईक. भाव वाढवलाच, तर ते आपली मोठी ऑर्डर फिरवून दुसरा कारखाना उभा करू शकतं. इलोपॅक आणि एसआयजी ही खोकी बनवणारी दुसरी गिऱ्हाइकं त्या मानाने लहान, म्हणून त्यांच्यापुरती भाववाढीला आळा घालायची हमी घेतली.

तळटीप: तीच तर मेख आहे. 2004 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय, की ही ताकद विलीनीकरणानंतरही टिकायला हवी आणि नुसत्या दांडग्यांचं भागून चालत नाही. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्यातही कलम 20(4) मध्ये असा निकष आहे. तेव्हा शब्दात विक्रेत्याला अडवणारा 'प्रति' हवाच. मूळ कल्पना अमेरिकी अर्थतज्ज्ञ गालब्रेथची, 1952 ची. तेच ते, पुढे दिल्लीत राजदूत होते.

बोरूबहाद्दर: प्रतिशक्ती मीच सुचवली होती. पण छापील लेखात 'गिऱ्हाईक'? 'ग्राहक' लिहा.

अडतदुकान: मग वाचकाला ग्राहक पंचायत आठवेल. ग्राहक म्हणजे घरी नेऊन वापरणारा. टेट्रा पॅक काय पुठ्ठा खातं?

सागरगोटा: गिऱ्हाईक शब्द कोकणातल्या 'गिऱ्हा'वरून आला. पाण्यातलं भूत. एकदा धरलं की सोडत नाही. आजीने सांगितलंय.

बोरूबहाद्दर: काहीतरीच. सरळ 'ग्राहक'चा तद्भव आहे.

तळटीप: आजी अगदीच चूक नसावी. दोन्हीकडे 'ग्रह्', म्हणजे धरणे, असेल.

रेवा: मंडळी, लेख मंगळवारी द्यायचाय. 'खरेदीदारांची सौदाशक्ती' चालेल?

बोरूबहाद्दर: 'सौदा' फारसी आहे.

अडतदुकान: 'बाजार'ही फारसीच. त्याला संस्कृतात 'हट्ट' म्हणतात, तो तुम्ही धरलाच आहे.

तळटीप: पण सौदाशक्तीत 'प्रति' कुठाय?

सागरगोटा: मग एखाद्याचं 'गिऱ्हाईक करणे' कुठून आलं? तिथे तर कोणी काही विकत घेत नाही.