अनुभव धागा : संघमालकाने संघनिवडीत किती लक्ष घालावं?

सुरुवात माझ्यापासून. ठाण्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धांमध्ये मी चार वर्षं संघाचा व्यवस्थापक होतो. एका वर्षी लिलावाच्या आदल्या रात्री बसून वहीच्या पानावर यादी केली. एका डावखुऱ्या गोलंदाजासाठी 20 हजार पॉइंट राखायचे ठरवले होते. पाचव्याच नावाला शेटनी माझ्या हातातली पाटी घेतली आणि गावाकडच्या एका फलंदाजावर 22 हजार लावले. डावखुरा गेला दुसरीकडे. उपांत्य फेरीत त्यानेच आमचे तीन गडी काढले. सामना संपल्यावर शेटनी सगळ्या पोरांसमोर विचारलं, "टीम कोणी बनवली?" ते पान तेव्हाही माझ्या खिशात होतं. काढून दाखवावंसं वाटलं, पण दाखवलं नाही. ज्याच्यावर हरल्याचं खापर फुटणार, निवडीचा शेवटचा शब्द त्याचाच हवा, असं मला मनापासून वाटतं. तुमचे अनुभव लिहा.

डॅलसहून : आमच्याकडे हा प्रश्न घराघरांत आहे. जेरी जोन्स यांनी 1989 मध्ये काउबॉइज हा इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ विकत घेतला, तेव्हापासून जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडणारेही तेच. सुरुवातीला यश भरपूर मिळालं, 1992, 1993 आणि 1995 च्या मोसमांत सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना जिंकला. पण पहिले दोन जिंकून देणारे प्रशिक्षक जिमी जॉन्सन 1994 मध्येच बाहेर पडले. संघ कोणी घडवला, यावरून दोघांचं बिनसलं होतं. 1995 नंतर एकदाही सुपर बोल नाही. माझा मुलगा इथेच जन्मला, आता कॉलेजात आहे, त्याने एकही पाहिलेला नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संघाचा मोठा बचावपटू मायका पार्सन्स याला ग्रीन बेच्या संघाला देऊन टाकलं, त्या रात्री तो जेवला नाही. दुसरा कुठलाही जनरल मॅनेजर एवढ्या वर्षांत बदलला गेला असता. इथे बदलणार कोण?

पुण्याहून : माझा अनुभव थोडा उलटा. 2017 मध्ये आयपीएलमधल्या पुण्याच्या संघाने धोनीचं कर्णधारपद काढून स्मिथला दिलं, तेव्हा मी फार चिडलो होतो. गहुंजेला पिवळा शर्ट घालून गेलो. पण आदल्या वर्षी सातवा आलेला तोच संघ अंतिम फेरीत पोचला आणि मुंबईकडून फक्त 1 धावेने हरला. निर्णय चुकला, असं मला आज म्हणता येत नाही. धोनीला ज्या तऱ्हेने बाजूला केलं, ते मात्र अजून पटत नाही.

चिपळूणहून : मी मालक आहे, म्हणून लिहितो. जर्सी, प्रवेश फी, गाड्या, पोरांचं जेवण, सगळं माझ्या खिशातून जातं. एका वर्षी व्यवस्थापकाने निम्मा संघ आपल्या दोस्तांनीच भरला होता. मग गप्प कसं बसायचं? आता लिलावाच्या आधी आम्ही दोघं दुकान बंद करून बसतो, मला काय हवंय ते तेव्हाच सांगून टाकतो. लिलावाला तो पुढे बसतो, मी तिसऱ्या रांगेत. यंदा एका नावाला त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याने बोली लावली.